कंटाळा 'येणे' आणि कंटाळा 'करणे' : मधल्या अवस्थेला शब्द काय?

पाटीपेन्सिल

मंडळी, एक अडचण आहे. शाळेच्या उन्हाळी सुट्टीच्या पत्रकात पालकांसाठी चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सांगायचंय ते एवढंच : मुलं 'आता काय करू?' म्हणत मागे लागली की लगेच मोबाइल देऊ नका, लगेच शिबिरात नाव घालू नका. थोडा वेळ तशीच राहू द्यात, त्यातूनच त्यांना काहीतरी सापडतं. मी लिहिलं, 'सुट्टीत मुलांना कंटाळू द्या.' एका सहकारी बाईंनी वाचून विचारलं, "म्हणजे अभ्यासाचा कंटाळा करू द्या?" दुसऱ्या म्हणाल्या, "कंटाळू द्या हे शाप दिल्यासारखं वाटतंय हो."

दोघींचं खोटं नाही. मला हवी आहे ती अवस्था आळसाची नाही, वैतागाची नाही आणि 'निवांत'ही नाही. निवांतात सुख असतं, इथे चुळबुळ आहे. हिला मराठीत शब्द आहे का?

बोरकूट

'बोअर होऊ द्या' लिहा. सगळ्यांना कळेल.

खलबत्ता

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या सहकारी बाईंना जे खटकलं ते क्रियापदामुळे. कंटाळा या एका नामाला मराठीत तीन-चार क्रियापदं लागतात आणि दर वेळी अर्थ सरकतो.

'मला कंटाळा आला' : इथे माझा दोष नाही. पाहुण्यासारखा आला.
'अंघोळीचा कंटाळा करतो' : इथे दोष आहे. हा जवळजवळ आळस. आई ओरडते ती यावर.
'त्याला पत्र लिहायचा कंटाळा आहे' : हा स्वभावच. बदलेल अशी आशा कुणी धरत नाही.
'दुखण्याला कंटाळली' : इथे विभक्ती बदलली आणि सगळंच जड झालं. 'कामाचा कंटाळा आला' म्हणणारा माणूस संध्याकाळी चहा पिऊन ठीक होतो. 'कामाला कंटाळलो' म्हणणारा राजीनामा लिहीत असतो. 'आजारपणाला कंटाळून' अशी वर्तमानपत्रातली बातमी सुरू झाली की पुढचं वाचवत नाही.

'कंटाळू द्या' शापासारखं वाटलं ते या शेवटच्या छटेमुळे. तुम्हाला हवा आहे पहिला अर्थ. 'कंटाळा येऊ द्या' लिहून पाहा, निम्मं काम होईल.

वाडीचो_झील

आमच्या मालवणीत ह्या सोप्पा आसा. 'माका वाज येता.' गोव्यातही वाज येता असंच म्हणतात. पण त्यात थकवाही मिसळलेला असतो, नुसता रिकामा वेळ नसतो. भात लावून आलेला माणूसही वाज येता म्हणतो आणि पावसात पडवीत बसून राहिलेला पोरगाही.

जुनी_वही

संस्कृतात यासाठी 'निर्वेद' आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांच्या यादीत पहिलाच निर्वेद. काव्यशास्त्रकार मम्मटाने तर त्याला शांत रसाचा स्थायी, म्हणजे टिकून राहणारा, भाव मानलं. म्हणजे विषयांचा वीट येणं ही आत वळण्याची पहिली पायरी, हा विचार आपल्याकडे पक्का आहे. 'उबग' हा शब्दही 'उद्वेगा'पासून आल्याचं सांगतात. कंटाळ्याकडे हिणवून बघायची सवय अलीकडची असावी.

बोरकूट

'सुट्टीत मुलांना निर्वेद येऊ द्या.' पालक घाबरून दुसऱ्याच दिवशी दाखला मागायला येतील, पोरगं हिमालयात जातंय म्हणून.

जुनी_वही

थट्टा करा, पण मुद्दा लक्षात घ्या. वीट, उबग आणि कंटाळा हे तीन वेगळे आहेत. वीट फार झाल्याने येतो : सलग चार दिवस आमरस खाल्ला की येतो तो वीट. (रंग विटतो, तेच क्रियापद मनालाही लागतं.) उबग माणसांचा येतो, राजकारणाचा येतो, त्यात थोडी घृणा असते. कंटाळा मात्र काहीच नसल्यानेही येऊ शकतो. ताईंना तोच हवाय.

राइनकाठ

जर्मनीत बारा वर्षं झाली, म्हणून एक गंमत सांगतो. जर्मनमध्ये कंटाळ्याला 'लांगेवाइले' म्हणतात. लांग म्हणजे लांब, वाइले म्हणजे वेळ. लांबलेला वेळ. आपण 'वेळ जाता जात नाही' म्हणतो तेच, फक्त त्यांनी त्याचं नाम करून टाकलंय.

दुसरी गंमत व्याकरणाची. मुलं म्हणतात 'मिर इस्ट लांगवायलिश', म्हणजे शब्दशः 'मला कंटाळवाणं आहे'. इथे 'मी' नाही, 'मला' आहे. जर्मन शिकणारे इंग्रजीभाषक हमखास 'इश बिन लांगवायलिश' म्हणतात आणि वर्ग हसतो, कारण त्याचा अर्थ 'मी कंटाळवाणा माणूस आहे'. मराठी माणसाची ही चूक सहसा होत नाही. आपल्यालाही कंटाळा 'मला'च येतो.

खलबत्ता

वा, हे मस्त. आणि बोरकूट, तुमचा 'बोअर' बघा. पोरं काय म्हणतात? 'मला बोअर होतंय.' शब्द बाहेरचा आणला, पण 'मला' आपलाच ठेवला. 'मी बोअर झालो'ही ऐकू येतं म्हणा, पण माझ्या कानाला 'मला' जास्त सहज येतो.

बोरकूट

आमच्या गावाकडे 'बोअर मारली' म्हटलं की लोक विचारतात, 'किती फुटावर पाणी लागलं?'

शेवंती

माझी आजी 'कटाळा' म्हणायची, अनुस्वार न लावता. पण तो कधी स्वतःसाठी नाही वापरायची. 'पोरं कटाळली', 'बैल कटाळला', असंच. तिला स्वतःला कटाळा आल्याचं मी ऐकलेलं नाही. बहुतेक तशी मुभाच नव्हती. पहाटे चारला जातं, मग पाणी, मग शेत.

इथे चर्चा वाचून आठवलं ते जातं. तास-दीड तास तोच खुंटा, तीच घरघर, तेच गोल गोल. त्याहून कंटाळवाणं काम कुठलं? आणि त्याच कामावर ओवी व्हायची. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. दिवसभर जे कुणाला सांगता येत नसे ते जात्याला सांगितलं जाई. आजी दळताना जे म्हणायची ते आम्ही पोरं अंथरुणात पडून ऐकायचो. दिवसा त्यातलं काही विचारलं तर 'काय की बाई' म्हणायची.

म्हण आहेच : जात्यावर बसलं की ओवी सुचते. आपण ती 'कामाला लागा, मार्ग सापडेल' अशा अर्थाने वापरतो. मला वाटतं ती आधी अक्षरशः खरी होती. हात गुंतलेले, डोकं मोकळं.

खलबत्ता

शेवंती ताई, तुम्ही नेमकं क्रियापद आणलंत. सुचणे! 'मला सुचलं', 'मी सुचलो' नाही. कंटाळाही मलाच येतो आणि ओवीही मलाच सुचते. दोन्ही आपल्या हातात नाहीत, दोन्हींसाठी आपण नुसतं घरात असावं लागतं. आणि मोबाइल हातात असला की आपण घरात नसतो...

जुनी_वही

खलबत्ता, जरा सबुरीने. 'मला' तर तापही येतो. मला भूक लागते, मला आठवतं, मला आवडतं. चतुर्थी विभक्तीवरून तत्त्वज्ञान उभारू नका. व्याकरण इतकंच सांगतं की ही क्रिया इच्छेने होत नाही.

खलबत्ता

मान्य. जास्त वाहवलो. पण ताप कुणी 'करत' नाही. येणे आणि करणे अशी जोडी असणारे शब्द मोजकेच : राग येतो आणि राग करतात, किळस येते आणि किळस करतात, आठवण येते आणि आठवण करतात. कंटाळा या गटातला. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला आतून आपोआप आलेलं आणि आपण पुढे चालवलेलं यातला फरक माहीत आहे. आलेल्या कंटाळ्याचं पुढे काय करायचं हे तिथे ठरतं. माझा मुद्दा तेवढाच धरा.

राइनकाठ

याच्याशी लागून एक प्रयोग आठवला. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांनी छापला होता. माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. करायला काही नाही, फक्त विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेसुद्धा देऊ, असं त्याच माणसांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो स्वतःला देऊन घेतला.

बोरकूट

याला मराठीत 'स्वस्थ बसवेना' म्हणतात. विजेच्या बिलासकट.

शेवंती

त्या बिचाऱ्यांना चाळा हवा होता. दोन शेंगा सोलायला दिल्या असत्या तर कुणी बटणाला हात लावला नसता.

पाटीपेन्सिल

चाळा! हा शब्द विसरलेच होते. पण चाळ्याला आपण वाईटच म्हणतो ना? 'चाळे करू नकोस', 'नसते चाळे'.

शेवंती

अनेकवचनात वाईट. एकवचनात बरा असतो. 'हाताला काहीतरी चाळा पाहिजे' असं म्हाताऱ्या माणसांबद्दल किती मायेने म्हणतात.

राइनकाठ

चाळ्यावरून त्याच साली इंग्लंडमध्ये झालेलं दुसरं काम. काही जणांना पंधरा मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले आकडे नुसते उतरवून काढायला लावले. मग दोन थर्माकोलचे कप देऊन विचारलं, याचे काय काय उपयोग करता येतील? आधी कंटाळलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त उपयोग सांगितले. पुढे काहींना आकडे उतरवायच्या ऐवजी फक्त वाचायला लावले, तर त्यांची डोकी आणखी चालली. हात गुंतले नव्हते, म्हणून मन अधिक भटकलं असावं, असा त्यांचा अंदाज. म्हणजे शेवंती ताईंच्या शेंगांना थोडा धक्का लागतो.

शेवंती

डिरेक्टरी उतरवताना आकडा चुकायची धास्ती असते. शेंगांना कसली धास्ती?

वाडीचो_झील

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' कोणी काढलंच नाही अजून. (धंद्यावरून माणसाला नावं ठेवणाऱ्या म्हणी आता नकोशा वाटतात, पण शब्दासाठी सांगतो.) तुंबडी म्हणजे अंगातलं रक्त ओढून काढायचं शिंग, पूर्वी ते काम न्हावी करायचे. गिऱ्हाईक नाही म्हणून भिंतीवर लावून बघतोय. लोक हसले, पण तो सराव करत नव्हता कशावरून?

जुनी_वही

समर्थ मात्र ऐकणार नाहीत. 'ऐक सदेवपणाचें लक्षण, रिकामा जाऊं नेदी येक क्षण.' रिकामा शब्दाला आपल्याकडे मान नाहीच. रिकामटेकडा, रिकामचोट, रिकामे उद्योग. 'फावला वेळ' मात्र चालतो, कारण तो आधी काम केलेल्याला मिळतो.

पाटीपेन्सिल

म्हणजे मुलांना फावला वेळ नसतोच म्हणायचा! त्यांना सुट्टीत मिळतो तो नुसताच वेळ.

काल रात्री यावरच विचार करत होते आणि 'करमणे' आठवलं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा वर्षभर सगळे विचारायचे, 'करमतं का इथे?' कुणी 'मजा येते का' असं विचारलं नाही. करमणं म्हणजे जीव त्या जागेत बसणं. आणि त्याच शब्दाची 'करमणूक' झाली की ती बाहेरून आणावी लागते, तिला तिकीट लागतं. मला मुलांची करमणूक व्हायला नकोय, त्यांना करमायला हवंय. स्वतःच्या घरात, स्वतःबरोबर.

खलबत्ता

ताई, तुम्हाला शब्द सापडला की! करमणे हे क्रमणेचंच रूप मानतात. कालक्रमणा करणे, तो धातू. वेळ पुढे सरकणं. राइनकाठांचा लांबलेला वेळ आणि आपला सरकलेला वेळ, बरोबर समोरासमोर. आणि करमणूकही सुरुवातीला एवढी स्वस्त नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं होतं, आणि त्यात वाचकाने डोकं बाजूला ठेवावं अशी अपेक्षा नव्हती.

वाडीचो_झील

मधल्या अवस्थेला मग 'करमेना' म्हणा. कंटाळा आलाय, करमलं नाहीये अजून. आमचो झील दुपारभर तसो असता. पहिलो अर्धो तास माझ्या डोक्यार बसता, मग खळ्यात सुपारीच्या पोयीची गाडी करून धाकटीक वढत फिरता.

पाटीपेन्सिल

शेवटी हे लिहून दिलं : 'सुट्टीत मुलांना कंटाळा आला तर तो लगेच घालवू नका. येऊ द्या, थोडा राहू द्या. करमेना म्हणता म्हणता त्यांना काहीतरी सुचेल.' सगळ्यांचे आभार. शेवंती ताई, शेंगांचं तोंडी सांगेन.

पाटीपेन्सिल

पत्रक छापून आलं. वरिष्ठांनी 'भाषा थोडी सोपी' केली आहे. आता तिथे असं आहे : 'सुट्टीत मुलांनी कंटाळा करू नये.'

बोरकूट

किती फुटावर लागलं पाणी?