दोष एकट्या अग्निशमन दलाचा?

आग पसरली की दोष अग्निशमन दलाचा, असं नेहमी म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर (जागा वापरणाऱ्यावर) टाकलीय. दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'बी' फॉर्म प्रमाणपत्र, म्हणजे यंत्रणा नीट चालते असा दाखला, द्यावं लागतं. आमच्या सोसायटीचं अगदी वेळेवर जातं, होज रीलला (आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपला) पाणी मात्र येत नाही!

आणि जवानांच्या जिवाचं काय? मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास इमारत आगीत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकरांसह दलाचे चार अधिकारी गेले. रहिवासी बाहेर पडल्यावर आत किती थांबायचं, हे बाहेर उभं राहून फक्त इमारतीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवावं, असं मला वाटतं. आत लढणाऱ्याला ते कळत नाही.