वॉटर फ्लॉसरची धार मंदावली आहे आणि टाकीला वास येतो

विश्रामबागकर :
नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. मुलीच्या दातांना तारा बसवल्या तेव्हा दंतवैद्यांच्या सल्ल्याने बेसिनशेजारी ठेवायचा, ६०० मिलिलिटर टाकीचा वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने दातांच्या फटी साफ करणारे यंत्र, घेतला. पहिले सहा महिने त्याने उत्तम काम दिले. ऊस किंवा मक्याचे कणीस खाल्ल्यावर तारांत अडकणारा चोथा एका फेरीत निघून जाई, आणि ते पाहून सासूबाईही आपल्या ब्रिजखालची (पक्क्या बसवलेल्या कृत्रिम दातांखालची) जागा साफ करण्यासाठी तो वापरू लागल्या. गेल्या महिन्यापासून मात्र धार निम्म्यावर आली आहे, टाकीच्या तळाशी पांढरा थर बसला आहे आणि झाकण उघडले की कुबट वास येतो. आमच्याकडे वापरायचे पाणी बोअरचे आहे, आणि रात्री उरलेले पाणी सकाळपर्यंत टाकीतच असते. सासूबाईंच्या हिरड्या सुजल्या तेव्हा त्यांनी दोन-तीनदा मिठाचे पाणी घालूनही तो चालवला. यंत्र बिघडले आहे की साफ करून चालेल? शिवाय धार मारताना सासूबाईंच्या हिरड्यांतून थोडे रक्त येते, तर त्यांनी वापर थांबवावा का?

मिरजेचा रहिवासी :
ताई, दुरुस्तीला देण्यापूर्वी एक करून पाहा. मुलीची आणि सासूबाईंची टिप (धार सोडणारी तोटी) वेगळी असेलच. दोन्ही आळीपाळीने लावून यंत्र चालवा. एकीतून धार चांगली आणि दुसरीतून मंद आली, तर पंपाला काही झालेले नाही, टिपच्या बारीक छिद्रात क्षार अडकले आहेत. आमच्याकडे बोअरच्या जड पाण्याने नेमके हेच झाले होते. ती टिप वाटीभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा मिनिटे बुडवून ठेवली आणि नळाखाली धुतली, तेव्हा धार पूर्ववत झाली.

साताऱ्याची दंतवैद्य :
वरची सूचना योग्य आहे, पण वास येत असल्यामुळे केवळ टिप धुऊन भागणार नाही. इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार टाकीत, नळीत आणि टिपमध्ये थर धरतात, आणि रात्रभर साचलेल्या पाण्यात जिवाणूंचा बुळबुळीत पापुद्रा तयार होतो. वास त्या पापुद्र्याचा असतो. तेच पाणी सकाळी आपण सुजलेल्या हिरड्यांवर मारतो, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये.

टाकी काढून साबणाच्या पाण्याने घासावी. काही मॉडेल्समध्ये टाकीच्या तळाशी काळ्या रबराची छोटी झडप असते, ती निघत असेल तर काढून बोटांनी चोळून धुवावी, कारण बुळबुळीतपणा तिथेच जास्त साठतो. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर घालून निम्मे पाणी बेसिनमध्ये चालवावे, यंत्र वीस मिनिटे तसेच ठेवावे, उरलेले पाणी चालवावे आणि शेवटी एक पूर्ण टाकी साधे कोमट पाणी फिरवावे. पाणी उकळते नको, प्लास्टिक वाकते. तुमच्याकडे पाणी जड असल्याने हे महिन्यातून एकदा करावे, आणि रोजच्या वापरासाठी क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचे पाणी घेतल्यास थर बसणेच कमी होईल. वापर झाल्यावर टाकी रिकामी करून, नळीतले पाणी काही क्षण यंत्र चालवून काढून टाकावे आणि टाकी झाकण उघडे ठेवून वाळवावी. टिप साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावी, आणि प्रत्येकाची टिप स्वतंत्रच असावी.

मिठाबद्दल आवर्जून सांगते. हिरड्या सुजल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, हे आजींचे औषध खरोखरच उपयोगी आहे. पण ते पाणी यंत्रात घालू नये. मीठ सुकून नळीत अडकते आणि आतील भाग खराब करू शकते.

आता रक्ताविषयी. दातांच्या कडेला साचलेल्या थरामुळे हिरड्या सुजतात आणि सुजलेल्या हिरड्यांना स्पर्श झाला की रक्त येते. म्हणून बहुतेकांनी वापर थांबवण्याची गरज नसते, दाब मात्र सर्वांत कमी ठेवावा. मागच्या दाढांपासून सुरुवात करून टिप हिरडीच्या रेषेशी काटकोनात धरावी, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबावे, बेसिनवर वाकून ओठ सैल मिटावेत म्हणजे पाणी आपोआप खाली पडते. जिभेखाली धार मारू नये. एक-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्यांना दाखवावे, कारण घट्ट बसलेले कीटण पाण्याच्या धारेने निघत नाही. सासूबाईंना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे.

विश्रामबागकर :
दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंची टिप बंद होती आणि झडपेखाली काळपट पापुद्रा निघाला. व्हिनेगरचे पाणी फिरवल्यावर पहिल्या फेरीत पांढरी कणी बाहेर आली. धार आता पूर्वीसारखी आहे आणि वास गेला आहे. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर रक्त पातळ करणारी एक गोळी चालू आहे, हे आजच त्यांच्या चिठ्ठीत पाहिले, म्हणून उद्या डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत त्यांनी फ्लॉसर वापरायचा नाही, असे ठरवले आहे.