१७व्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटमधे दिवसभर नेमकं काय चालायचं?

जुनीपानं: पहिल्या चार्ल्सबद्दल वाचतेय, सगळीकडे राजा विरुद्ध पार्लमेंट एवढंच. पण कायदा पास कसा व्हायचा?

दिवाणखाना: कॉमन्स, म्हणजे पार्लमेंटचं निवडून आलेल्यांचं सभागृह, लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला सेंट स्टीफन्स चॅपलमधे भरायची, सकाळी सभा, दुपारी कमिट्या. प्रत्येकाच्या हातात बिलाची कॉपी नसायची, म्हणून क्लार्क मोठ्याने वाचायचा, अशी तीन वाचनं. दुसऱ्यानंतर कमिटी, मग सुधारलेलं बिल चर्मपत्रावर नीट उतरवून तिसरं वाचन, मग लॉर्ड्स, म्हणजे सरदारांचं वरचं सभागृह, आणि शेवटी राजाची संमती. मतं मोजताना एक बाजू बाहेर जायची, दुसरी आतच बसून, आणि जागा जाईल म्हणून काहीजण उठायचेच नाहीत.

बखरवेडा: २ मार्च १६२९ वाचाच!! राजाच्या हुकमाने स्पीकर जॉन फिंच सभा तहकूब करायला उठला तर डेन्झिल हॉलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या खासदारांनी त्याला धरून खुर्चीत दाबलं, दाराला कुलूप, बाहेर राजाचा माणूस दार ठोठावतोय आणि आत हॉलिस ३ ठराव आठवून म्हणतोय कारण खासदार जॉन एलियटनी ठरावांचा कागद जाळून टाकलेला. पार्लमेंटने मंजूर न केलेली जकात भरणारासुद्धा देशाचा शत्रू, असा त्यातला एक. काय हिंमत लागली असेल! एलियट १६३२ मधे टॉवर ऑफ लंडनच्या कैदेतच वारला, मला ते फार लागतं.

जुनीपानं: मग तो कायदा झाला का?

दिवाणखाना: नाही, ते नुसते कॉमन्सचे ठराव. राजाने पार्लमेंटच बरखास्त केलं, ११ वर्षं बोलावलं नाही. मंजुरीशिवाय जकात बेकायदा, हा कायदा १६४१ मधे झाला.