अभ्यासिकेची वेळ शाळेच्या घंटेवरून ठरवायची की आईच्या कामावरून?

दप्तर
वस्तीतल्या मोफत अभ्यासिका बहुधा 5 ते 7 चालतात, कारण शिकवणाऱ्या ताया कॉलेज आटपून तेव्हाच येऊ शकतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा दिवस वेगळा. सकाळची घरं उरकून ती अडीचला परतते, पुन्हा 5 ते 8 कामावर. सकाळच्या सत्राचं मूल साडेबाराला सुटतं. म्हणजे दुपारचे दोन तास आणि रात्री 7 नंतर मूल एकटंच. कायद्यातही इथेच फट आहे. 1948च्या कारखाने कायद्यातलं पाळणाघर 6 वर्षांखालच्या मुलांसाठी होतं, 1996च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यातलंही तसंच, आणि त्यांच्या जागी आलेल्या 2020च्या कामगार संहितेतही वयाची अट तीच. घरकामगार बाईला तर तेही लागू नाही. 2009चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळा देतो, शाळा सुटल्यावरचे तास देत नाही. म्हणून साडेबारा ते अडीच आणि 5 ते सव्वाआठ, अशा दोन पाळ्या हव्यात.

खडूफळा
असहमत. हे पाळणाघर झालं. 30 मुलांमागे दोन ताया लागतात. एकीनं वाचन घ्यायचं, दुसरीनं दार, नोंदवही, भांडणं सांभाळायची. दोन पाळ्या म्हणजे चौघींचं मानधन. देणगीदार वह्या-दप्तरं हौसेनं देतात, मानधन म्हटलं की हात आखडतो. त्यापेक्षा दीडच तास घ्या, पण नेटका. इयत्तेनं न बसवता वाचनाप्रमाणे गट करा : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पाचवीतलं मूल जोडाक्षराला अडत असेल तर ते शब्दाच्या गटात. 40 मिनिटं वाचन, 30 मिनिटं गणित. गृहपाठ शेवटी, आधी घेतला तर सगळा वेळ गाइडमधून उत्तरं उतरवण्यात जातो.

दप्तर
गटांबद्दल वाद नाही. पण पट उघडून बघा, आधी कोण गळतं? चौथी ते सातवीच्या मुली. कडेवर दीड वर्षाचं भावंड, आणि दारावर पाटी 'लहान मुलांना आणू नये'. ती पाटी म्हणजे त्या मुलीलाच बंदी! कोपऱ्यात सतरंजी, ठोकळे, चेंडू आणि वस्तीतलीच एक बाई बसवा, मुलगी वाचनाला बसते.

जोडाक्षर
महिना 20 रुपये तरी फी घ्या. फुकटची हजेरी टिकत नाही.

दप्तर
फी थकली की आईबाप लाजतात आणि मूल घरी बसवतात. हजेरी अशी टिकत नाही.

डबा
खाऊचं सांगते. 30 मुलांना 1 किलो सुके हरभरे पुरतात, भिजून जवळपास दुप्पट होतात. रात्री भिजवा, सकाळी उपसा, उकडून कांदा-लिंबू घाला. उन्हाळ्यात पाणी दोनदा बदललं नाही तर आंबूस वास येतो, मुलं तोंड लावत नाहीत. आणि वाटप सुरुवातीलाच करा. उपाशी मूल फळ्याकडे नाही, पातेल्याकडे बघतं.

खडूफळा
सुरुवातीला दिलं की निम्मी खाऊन पसार होतात. अर्धं आधी, अर्धं गणितानंतर द्या. भावंडांचा कोपरा मान्य. आठपर्यंत उघडं ठेवायलाही तयार आहे, पण जागा वस्तीतलं समाजमंदिरच हवी. महापालिका शाळेची खोली मोकळी असली तरी हमरस्ता ओलांडून मुलींना रात्री कोण सोडणार?

दप्तर
समाजमंदिर बरोबर. पटावर प्रत्येक नावापुढे नेणाऱ्या दोघांची नावं आणि फोन नंबर लिहून ठेवा. तिसरं कोणी आलं, अगदी सख्खा चुलता असला, तरी आईला फोन लावल्याशिवाय मूल हाती द्यायचं नाही.