जुन्या चित्रफितीतला 'हँडीकॅम': ओळखायला मदत हवी आहे

मंडळी, एक मूक चित्रफीत आहे, जेमतेम चाळीस सेकंदांची. खाली पाटी: १९२१. मिरवणुकीसाठी जमलेली गर्दी, आणि उजव्या कडेला एक माणूस काळी डबी एका हाताने डोळ्याला लावून उभा. तिपाई नाही, हँडल फिरवणं नाही. भावाने जाहीर केलं, हा हँडीकॅम आहे. मी हसलो. मग दहा वेळा बघितलं आणि हसू ओसरलं.

फोटोचा कॅमेरा म्हणावा, तर फोटोवाला खटका दाबून मोकळा होतो. हा गृहस्थ पुढून जाणाऱ्या मोटारीबरोबर कॅमेरा हळूहळू वळवत राहतो, चांगले आठ-नऊ सेकंद. सिनेमाचा म्हणावा, तर माझ्या डोक्यात त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी खोकं आणि हँडल गरगर फिरवणारा इसम. शेवटी तो डबी खाली घेतो आणि तिच्या बाजूशी काहीतरी करतो. भाऊ म्हणतो, हँडीकॅमचा बाजूला उघडणारा स्क्रीन मिटतोय. मलाही तसंच दिसतं, हीच पंचाईत.

माझ्याकडची प्रत एआयने धारदार केलेली आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. काळप्रवासी वगैरे नको, ते घरात पुरेसं झालंय.

प्रतिसाद: चावीचे कॅमेरे विसरलात! घड्याळासारखी स्प्रिंग भरायची आणि हातात धरून चालवायचा. कोडॅकने १६ मिमी फिल्म १९२३ साली आणली, त्याच वर्षी बेल अँड हॉवेल कंपनीचा फिल्मो हा चावीचा कॅमेरा आला. त्यांचाच ३५ मिमीचा आयमो १९२५चा. त्यात १०० फुटांचं रीळ बसायचं, म्हणजे सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने मिनिटभराचं चित्रण. स्क्रीन एका झटक्यात मिटतो, चावी भरताना मनगट पुन्हापुन्हा वळतं. त्याचं मनगट बघा.

धागाकर्ता: एकेक चौकट थांबवून बघितलं. सहा वेळा! अर्धा फेरा, पकड सोडली, पुन्हा अर्धा फेरा. इतके दिवस मी डबीकडेच बघत होतो, हाताकडे बघितलंच नाही. भावाला पाठवलं. त्याने अंगठा दिला आणि वर विचारलं, "मग १९२१ मध्ये १९२३चा कॅमेरा कसा?" बोला आता.

प्रतिसाद: भाऊ हुशार आहे. पण १९२१ लिहिलं कुणी? मूळ फिल्मवरची पाटी आहे की चढवणाऱ्याने नंतर चिकटवलेली? फ्रान्सचा देब्री सेप्ट हा चावीचा कॅमेरा धरला तरी तो १९२२च्या आसपासचा. ३५ मिमीचा, पण फिल्म फक्त ५ मीटर, पंधरा-सोळा सेकंदांत खेळ खलास. त्याआधी हातात धरायचा एरोस्कोप होता खरा, पहिल्या महायुद्धात वापरलेला. तो दाबलेल्या हवेवर चालायचा आणि हवा सायकलसारख्या पंपाने भरायची, तिथे मनगटाचं काम नाही. मला कॅमेऱ्यापेक्षा पाटीचाच संशय येतो.

मूळ रीळ मिळालं तर कडेला बघा. कोडॅकच्या फिल्मवर वर्षासाठी वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं असत. तीच चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा येतात, पण इथे त्याने गोंधळ व्हायचा नाही, वीस वर्षांचा फरक चित्रातूनच कळेल.

धागाकर्ता: रीळ कुणाकडे आहे देव जाणे. पाटीचा टाइप मात्र अगदी आजच्या संगणकावरचा आहे. आधी का दिसलं नाही कोण जाणे.

प्रतिसाद: मोटार बघा की! पुढच्या चाकांच्या आत ब्रेकचे ड्रम (गोल डबे) दिसतात का? १९२१ मध्ये बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागे असत. पुढचे ब्रेक सर्रास दिसू लागले ते त्या दशकाच्या मध्याला. पण ते धारदार प्रतीत बघू नका, ते सॉफ्टवेअर नसलेल्या कडाही काढून ठेवतं.

धागाकर्ता: ड्रम आहे असं वाटतंय, पण त्याच प्रतीत, त्यामुळे शपथ घेणार नाही. कच्ची प्रत शोधतोय. कुणाला जुन्या मोटारी कळत असतील तर सांगा, पुढच्या चाकाचं चित्र इथे डकवतो.