मदत हवी आहे: नववी-दहावीसाठी लैंगिक आरोग्याची प्रश्नावली

पाळी, गर्भधारणा, एचआयव्ही यांवर शाळेत चार सत्रं घेतेय. मुलामुलींना आधी किती माहिती होती, नंतर किती वाढली, हे मोजायचंय. चूक-बरोबरची २० विधानं दिली, तर सरळ अंदाजाने खुणा. 'माहीत नाही' हा पर्याय घातला, तर बऱ्याच मुलींनी सगळीकडे तोच निवडला. खरंच माहीत नाही की लाज वाटते, हेच कळेना, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले एचआयव्हीचे प्रश्न (डास चावल्याने होतो का वगैरे) पाहिले. पण ते १५ वर्षांपुढच्यांना मुलाखतीत विचारायचे आहेत.

पालकांची संमती आहे. नावं लिहून घेत नाही, स्वतःच्या वागण्याबद्दल एकही प्रश्न नाही. कागदावरच, २० मिनिटांत.

या वयासाठी मराठीत वापरून पाहिलेली प्रश्नावली कुणाकडे आहे का? आणि नाव न घेता एकाच मुलीचे आधीचे-नंतरचे कागद कसे जुळवता?