चौकात लढाऊ विमान उभं करणं हा मान की हेळसांड?

निवृत्त_एअरफ्रेम
26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 निवृत्त झालं. 1963 साली ते हवाई दलात दाखल झालं तेही चंदीगडलाच. त्या दिवसापासून आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एकच विषय आहे: आपल्या चौकातही एक मिग आणायचं, नगरपालिकेकडून चौथरा बांधून घ्यायचा. माझा याला विरोध आहे. या विमानांवर जीव आहे म्हणूनच आहे.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा होतो. सुरुवात बेळगावच्या सांबऱ्याला, हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात झाली. तो पाऊस, ती तांबडी माती, आणि पहाटे पीटीला जाण्याआधी बिलेटमध्ये (राहायच्या बराकीत) लावून ठेवायचं किट. ब्लँकेटची घडी वाकडी दिसली, बकलला ब्रासो कमी पडला, बुटाच्या टाचेला चिखल राहिला, की रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, ठरलेलीच. फ्रंट रोल मारताना आम्ही मनात म्हणायचो, याचा विमानाशी संबंध काय? तो पुढे तांबरमला ट्रेडचं शिक्षण घेताना कळला. तिथं टूल बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची. काम संपलं की प्रत्येक अवजार आपापल्या जागी गेलं पाहिजे. एक स्क्रू ड्रायव्हर जरी सापडला नाही, तरी तो मिळेपर्यंत विमान जमिनीवर. बोल्ट जागेवर धरून ठेवणारी लॉकिंग वायर अशा बाजूनं पिळायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर वायर त्याला आवळायच्या दिशेनंच ओढेल. उस्ताद बोट फिरवून पाहायचे, आणि चुकली असेल तर एक शब्द न बोलता कापून टाकायचे.

आता तेच विमान चौकात बघा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असतात. दोन धातूंच्या मध्ये पाणी साचलं की पत्रा आतून खायला सुरुवात होते. पाणी निघून जायची भोकं धुळीनं बुजतात. हवा आत घेण्याच्या तोंडात कबुतरं घरटी करतात. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, उन्हानं पांढरी पडते. मग एखाद्या 26 जानेवारीच्या आधी कोणीतरी दुकानातला ऑइल पेंट आणून सगळ्यावर फासतो, अगदी इशाऱ्याच्या मजकुरावरसुद्धा. हवाई दलाच्या गोलातल्या रंगांचा क्रम उलटा झालेला मी स्वतः पाहिला आहे.

छप्पर आणि देखभालीला माणूस मिळणार असेल तरच विमान मागावं. नाहीतर मागू नये. त्यापेक्षा मोजकी जुनी विमानं उडती ठेवावीत. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडे, म्हणजे जुनी विमानं जपणाऱ्या पथकाकडे, टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा आहेत. 1947 च्या 27 ऑक्टोबरला 1 शीख पलटणीच्या जवानांना घेऊन जे डाकोटा श्रीनगरला उतरलं, त्याचाच क्रमांक, व्हीपी 905, त्या पथकातल्या ‘परशुराम’ नावाच्या डाकोटावर आहे. ते 2018 साली इंग्लंडहून उडत आपल्याकडे आलं. त्याचा आवाज एकदा ऐकलेला मुलगा जन्मात विसरणार नाही.

माणदेशी_मास्तर
काका, तुमच्या सेवेला सलाम. पण मला हे अजिबात पटलं नाही.

मी दुष्काळी भागातल्या शाळेत शिकवतो. आमच्या पोरांनी ‘परशुराम’चा आवाज कुठं ऐकायचा? हवाई दलाचं म्युझियम दिल्लीला पालमला. तिकडं सहल न्यायची म्हटली तर पालक खर्चाचा आकडा ऐकूनच गप्प होतात. जिल्ह्याच्या गावी चौकात विमान असेल तर बाजारला आलेला बाप पोराला खांद्यावर घेऊन दाखवतो. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, तिथं घराघरात फौजी आहे. पण ती सगळी पायदळाची परंपरा. हवाई दलात टेक्निकल ट्रेड असतात, बारावीला गणित आणि फिजिक्स घेऊन तिथं जाता येतं, हे आमच्याकडच्या पोरांना कोणी सांगतच नाही. माझा एक विद्यार्थी एस.टी. स्टँडजवळचं विमान बघून मला विचारायला आला होता, ‘सर, हे दुरुस्त कोण करतं?’ तो आज सांबऱ्याहून पास आऊट होऊन नोकरीत आहे.

विमान गंजतं म्हणता, तर ते नीट रंगवा. आणूच नका, हा त्यावरचा इलाज कसा काय?

ओझरकर
माझे वडील एचएएलच्या, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात होते. मिग-21 चं धड नाशिकला, इंजिन कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. लोक मिगला सरसकट रशियन म्हणून मोकळे होतात, तेव्हा वाईट वाटतं. आमच्या कॉलनीतल्या माणसांचे हात त्याला लागलेत.

मास्तरांचं मला जास्त पटतं, पण एक अट हवी. चौथऱ्यावर नुसता ‘मिग-21’ आणि उद्घाटन करणाऱ्याचं नाव, असला फलक नको. विमानाचा क्रमांक, कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कुठं बांधलं, हे सगळं लिहा.

आणि व्हिंटेज फ्लाइटचा विषय निघालाच आहे तर सांगतो, एचटी-2 आज किती जणांना माहीत आहे? 1951 साली उडालेलं हे भारतीय बनावटीचं शिकाऊ विमान. पुढं टायगर मॉथची जागा त्यानं घेतली आणि वैमानिकांच्या कितीतरी तुकड्यांनी पहिले धडे त्यावर गिरवले. ते घडवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर भागातले, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. पुढं किरण हे जेट ट्रेनरही त्यांच्याच देखरेखीखाली झालं. जुनी विमानं उडवायची तर टायगर मॉथच्या जोडीला एचटी-2 हवंच. इंग्रजांचं विमान आपण जपतो आणि आपलं विसरतो, हे मला खरंच सहन होत नाही.

परदेशस्थ_पुणेकर
मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ राहते. जुनी विमानं उडवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. 22 ऑगस्ट 2015 ला शोरहॅमच्या एअर शोमध्ये हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट कोसळलं ते थेट हमरस्त्यावर. 11 जण गेले. त्यांतले बरेचसे शो बघायलाही आलेले नव्हते, आपल्या कामानं रस्त्यानं निघाले होते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत डॅलसला बी-17 आणि किंगकोब्रा ही दुसऱ्या महायुद्धातली विमानं हवेत एकमेकांवर आदळून 6 जण गेले, आणि ती विमानंही कायमची गेली. 2024 साली इथल्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या जुनी विमानं उडवणाऱ्या पथकाचं स्पिटफायर पडून वैमानिकाचा जीव गेला. जगात सगळ्यात नीट सांभाळलेल्या ताफ्यांपैकी तो एक.

हंटर आपलंही विमान होतं. 1971 ला लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे टिपले ते जैसलमेरहून उडालेल्या हंटरनीच. त्या विमानाचा मान राखायला ते पुन्हा आकाशात कशाला हवं? काका म्हणतात तसं छप्पर घाला आणि जमिनीवरच जपा.

निवृत्त_एअरफ्रेम
ताई, शोरहॅमचं दुःख मोठं आहे, त्यावर वाद घालत नाही. पण तिथं कसरत चालू होती. गिरकी पूर्ण करायला लागते तेवढी उंची विमानाला मिळाली नाही. त्यानंतर तुमच्याकडच्या नियामकांनीच जुन्या जेटना, समुद्रावर नव्हे तर जमिनीच्या वर उडताना, फक्त सरळ फ्लायपास्टची मुभा ठेवली. डाकोटाचं सरळ, संथ उड्डाण आणि जुन्या जेटची कसरत एकाच तराजूत घालता येणार नाही.

उडतं विमान मी मागतो ते हौसेखातर नव्हे. त्यामुळे विद्या जिवंत राहते. डाकोटाचं इंजिन रेडियल, सिलिंडर गोलाकार लावलेले. उभं असताना खालच्या सिलिंडरांत ऑइल उतरतं. तसंच स्टार्ट केलं तर ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हातानं फिरवायचा. कुठं अडकल्यासारखा वाटला तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढून ऑइल वाहू द्यायचं. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण अडकलंय म्हणजे नेमकं कसं लागतं, हे हाताला कळावं लागतं, आणि ते एका फिटरकडून दुसऱ्याकडे जातं. विमान कायमचं थांबलं की शिकवणाराही राहत नाही.

मास्तर, तुमचा विद्यार्थी सांबऱ्याहून बाहेर पडला, आनंद वाटला. माझं एवढंच म्हणणं आहे की त्यानं शिकलेल्या शिस्तीच्या नेमकं उलट दृश्य चौकात उभं असतं.

तळकोकण
गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे, आणि ते प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन. मुलांना घेऊन जरूर जा. बरीचशी विमानं उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या हवेत आहेत. कोकणात घराच्या खिडकीचे गज दर दोन पावसाळ्यांनी खरवडून रंगवावे लागतात, तिथं विमानाचं काय? किनारपट्टीच्या गावांनी तरी चौथऱ्याचा नाद सोडावा, या बाबतीत मी काकांच्या बाजूचा.

माणदेशी_मास्तर
किनारपट्टीचं मान्य. आमच्याकडं पाऊसच पडत नाही, तेव्हा तो मुद्दा आम्हाला लागू करू नका.

काका, छपराला माझी हरकत नाही, कुलपाला आहे. शेड झाली की गेट येतं, गेट आलं की वेळापत्रक, मग तिकीट. बाजारला आलेला माणूस बाहेरूनच परत जातो. विमान रस्त्यावरून दिसलंच पाहिजे. राहिली देखभाल. हवाई दलातून निवृत्त झालेले फिटर आज तालुक्यातालुक्यात आहेत. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, त्यांनी पोरांना सोबत घेऊन ती बुजलेली भोकं मोकळी करावीत, घरटी काढावीत, रंग कुठला आणि कसा लावायचा ते दाखवावं. पोरांना तुमचं बेसिक ट्रेनिंग तिथंच कळेल. नगरपालिकेला गाठायचं काम माझं.

निवृत्त_एअरफ्रेम
शिडी आणि पाण्याची सोय करा, मी येतो. भिंती नसलेली, चारी बाजूंनी उघडी शेडही चालेल, कुलूप नको हे मान्य. पण शेडचे पैसे मंजूर झाल्याचा कागद हातात येत नाही तोवर विमान मागायच्या अर्जावर मी सही करणार नाही.